वरिष्ठांच्या आई आजारी असताना कोरियन भाषेत काळजी कशी व्यक्त करावी?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर कशाचे आहे हे इतर वाचकांनाही कळेल. तुम्ही पुण्याजवळच्या एका कोरियन कंपनीत समन्वयाचे काम करता, कोरियन भाषेच्या 'टोपिक' या परीक्षेची दुसरी पातळी तुम्ही पूर्ण केली आहे आणि तुमच्या कोरियन टीम-प्रमुखांच्या आई सोलमध्ये अचानक रुग्णालयात दाखल झाल्याची बातमी त्यांनी स्वतःच बैठकीत सांगितली आहे. तुम्हाला त्यांना काळजी कळवायची आहे. शब्दकोशात काळजीसाठी पाच-सहा शब्द सापडले, त्यांपैकी एक घेऊन 'काळजी करू नका' असे वाक्य तुम्ही लिहिले, पण ते कोरडे वाटले म्हणून पाठवले नाही. यांतला नेमका कोणता शब्द वापरावा, असे तुम्ही विचारले आहे.

तुम्ही तो संदेश थांबवलात हे योग्य केलेत. मात्र अडचण शब्द निवडण्याची नाही. कोरियन भाषेत काळजीचे वाक्य लिहिण्याआधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: काळजी कोणाला वाटते आहे, ती कोणाविषयी आहे आणि वाक्य ऐकणारी व्यक्ती कोण आहे. मराठीत आपण या तिन्ही गोष्टी नकळत ठरवतो, कारण लहानपणापासून ती सवय अंगात मुरलेली असते. परक्या भाषेत मात्र त्या जाणीवपूर्वक ठरवाव्या लागतात. मी माझ्या विद्यार्थ्यांना वाक्य लिहिण्यापूर्वी वहीच्या समासात ही तीन नावे लिहायला लावते, आणि बहुतेक चुका तिथेच थांबतात.

संदेश तातडीचा आहे, म्हणून तो आधी देते आणि कारणे नंतर सांगते. सोयीसाठी कोरियन वाक्ये देवनागरीत लिहीत आहे, पण हा केवळ आधार आहे. 'ऑ' हा स्वर ओठ फारसे गोल न करता म्हणायचा, 'च' आणि 'ज' नेहमी 'चहा' आणि 'जीवन' या शब्दांतल्यासारखे म्हणायचे, 'चमचा' आणि 'जग' यांतल्यासारखे नव्हेत. 'उ' दोन प्रकारचा असतो आणि देवनागरीत त्यांतला फरक दिसत नाही, त्यामुळे प्रत्येक वाक्य एकदा तरी कोरियन माणसाच्या तोंडून ऐका. संदेश असा:

'थिमजांगनिम, सोशिक तुरॉस्सुम्निदा. मानी नोल्लाश्यॉत्केस्सॉयो. ऑमॉनिमकेसॉ हारुप्पाल्ली ख्वेछाहाशिगिरुल पाराम्निदा. ह्वेसा इरुन चॉहिगा छेंगिगो इस्सुल थेनी नॉमु कॉक्चॉंगहाजी मासेयो. शिक्सा कॉरुजी माशिगो, ताप्चांगुन आन हाश्यॉदो द्वेम्निदा.'

'थिमजांगनिम' म्हणजे टीम-प्रमुख. संदेशाचा आशय असा की, बातमी कळली. तुम्हाला मोठा धक्का बसला असेल. आई लवकरात लवकर बऱ्या व्हाव्यात अशी इच्छा आहे. कार्यालयातले काम आम्ही पाहत आहोत, तेव्हा फार काळजी करू नका. जेवण टाळू नका, आणि उत्तर पाठवले नाही तरी चालेल. या संदेशात 'मला काळजी वाटते' असे कुठेही म्हटलेले नाही, आणि तरीही तो वाचणाऱ्या कोरियन माणसाला तुमची काळजी स्पष्ट कळेल. असे का, हे समजले की पुढची वाक्ये तुम्हाला स्वतः रचता येतील.

सुरुवात मूळ शब्दापासून करू. काळजीसाठी रोजच्या वापरातला शब्द 'कॉक्चॉंग' हा आहे. त्यापासून दोन क्रियापदे होतात: 'कॉक्चॉंगहादा', म्हणजे काळजी करणे, आणि 'कॉक्चॉंगद्वेदा', म्हणजे काळजी वाटणे. इंग्रजीतून कोरियन शिकणाऱ्यांना हा भेद अवघड जातो, पण मराठी माणसाला तो अवघड जाण्याचे कारण नाही, कारण आपल्याकडे 'करणे' आणि 'वाटणे' ही जोडी तशीच आहे. 'मला आईची काळजी वाटते' या वाक्यात काळजी ही मी केलेली कृती नाही, ती माझ्याकडे आलेली आहे, आणि 'कॉक्चॉंगद्वेदा' नेमके हेच सांगते. स्वतःच्या मनातली चिंता बोलून दाखवताना कोरियन माणूस बहुधा हेच रूप वापरतो.

इथे एक धोका आहे. 'ऑमॉनिगा कॉक्चॉंगद्वेयो' याचा अर्थ 'मला आईची काळजी वाटते' असा होतो. 'मला' हा शब्द मराठीतही बोलताना गळतो, तसा कोरियनमध्येही गळतो. पण 'ऑमॉनिगा कॉक्चॉंगहासेयो' याचा अर्थ 'आई काळजी करतात' असा होतो. दोन्ही वाक्यांत आई या शब्दाला तोच 'गा' हा प्रत्यय आहे, फरक फक्त क्रियापदात आहे, आणि त्या फरकाने काळजी करणारी व्यक्तीच बदलते. आजारी व्यक्तीबद्दल बोलताना ही अदलाबदल झाली, तर ऐकणारा गोंधळतो, पण सौजन्यापोटी दुरुस्ती करत नाही. त्यामुळे ही चूक अनेकांच्या बोलण्यात वर्षानुवर्षे तशीच राहते.

दुसरा धोका खास मराठी माणसाचा आहे. आपण 'काळजी वाटते' आणि 'काळजी घ्या' या दोन्हींसाठी एकच शब्द वापरतो. कोरियनमध्ये 'कॉक्चॉंग' म्हणजे फक्त चिंता. निरोप घेताना 'काळजी घ्या' म्हणायचे असेल आणि कोणी 'कॉक्चॉंगहासेयो' म्हटले, तर त्याचा अर्थ 'चिंता करा' असा होईल. काळजी घेण्यासाठी वेगळे शब्द आहेत आणि ते प्रसंगानुसार बदलतात. आजारी माणसाला 'मोमजोरी चालहासेयो' म्हणतात, म्हणजे प्रकृतीची नीट निगा राखा. घरी निघालेल्या माणसाला 'चोशिमही तुरॉगासेयो' म्हणतात, म्हणजे जपून घरी जा. ऋतू बदलताना 'काम्गी चोशिमहासेयो' म्हणतात, म्हणजे सर्दीपासून जपा. ही वाक्ये पाठ करायला हरकत नाही, कारण कोरियन लोकही ती ठरलेल्या रूपातच वापरतात.

आता मुख्य मुद्द्याकडे वळते. ज्याच्यावर संकट आले आहे, त्याच्यासमोर 'मला तुमची काळजी वाटते' असे सरळ म्हणणे कोरियनमध्ये चुकीचे नाही; मित्राला, धाकट्या भावंडाला किंवा जवळच्या सहकाऱ्याला ते म्हणता येते. पण वरिष्ठाला तसे म्हटले की वाक्याचे केंद्र आपल्या भावनेकडे सरकते आणि त्यांना आपली समजूत घालावी लागते. शिवाय 'थिमजांगनिमी कॉक्चॉंगद्वेयो' या वाक्यातून आपण त्यांच्या अवस्थेचे मूल्यमापन करत आहोत असाही सूर ऐकू येऊ शकतो. म्हणून वरिष्ठांशी बोलताना मी विद्यार्थ्यांना आपली चिंता बाजूला ठेवून समोरच्याच्या अवस्थेचा अंदाज बोलून दाखवायला शिकवते. त्यासाठी 'गेत' हा प्रत्यय आहे. दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे हे कोरियन भाषेत सहसा ठामपणे विधान म्हणून सांगत नाहीत, त्याचा अंदाज करतात. 'हिमदुशिगेस्सॉयो' म्हणजे 'तुम्हाला कठीण जात असेल'. 'कॉक्चॉंग मानुशिगेस्सॉयो' म्हणजे 'तुम्हाला खूप काळजी लागली असेल'. 'मानी नोल्लाश्यॉत्केस्सॉयो' म्हणजे 'तुम्हाला मोठा धक्का बसला असेल', आणि अपघात, अचानक आजारपण, चोरी अशा कोणत्याही अनपेक्षित बातमीनंतर हे वाक्य सर्वांत आधी येते. मराठीतल्या 'असेल' या शब्दात जी हळुवार सावधगिरी आहे, तीच इथे आहे.

राष्ट्रीय कोरियन भाषा संस्थेने 2011 साली प्रमाण भाषिक शिष्टाचाराची जी मार्गदर्शिका काढली, तिच्यातही रुग्णाच्या भेटीची वाक्ये याच दिशेने जातात. रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या नातेवाइकाला 'ऑल्माना कॉक्चॉंगई द्वेशिम्निक्का', म्हणजे 'तुम्हाला किती काळजी वाटत असेल', असे म्हणावे असे तिथे सुचवले आहे. रूप प्रश्नाचे असले तरी त्याला उत्तर अपेक्षित नसते. अनपेक्षित अपघातातून कोणी वाचले असेल तर 'पुल्हेंग जुंग ताहेंग' हा वाक्प्रचार येतो, म्हणजे संकटातही सुदैव. मात्र हे दुसरे वाक्य रुग्ण धोक्याबाहेर आहे हे नक्की कळल्यावरच म्हणावे, असे माझे मत आहे. त्याआधी ते फार लवकर दिलेल्या दिलाशासारखे वाटते.

आता तुमच्या मूळ वाक्याकडे येऊ. 'कॉक्चॉंगहाजी मासेयो' हे वाक्य शिकण्याच्या पहिल्याच महिन्यांत भेटते, त्यामुळे ते सर्वांच्या तोंडी असते. ते चांगले वाक्य आहे, पण ज्या गोष्टीची जबाबदारी आपल्या हातात आहे त्या गोष्टीसाठीच. 'कागदपत्रे मी पाठवते, काळजी करू नका' हे रास्त आहे. 'आईची काळजी करू नका' हे म्हणण्याचा अधिकार डॉक्टरांना असेल, आपल्याला नाही. म्हणून वरच्या संदेशात काळजी न करण्याची विनंती कार्यालयातल्या कामाला जोडली आहे, आणि तिच्या आधी 'नॉमु', म्हणजे 'फार', हा शब्द ठेवला आहे. तुम्ही काळजी कराल हे आम्हाला मान्य आहे, फक्त ती फार करू नका, एवढीच विनंती त्यातून जाते. त्या एका शब्दाने वाक्याचा कोरडेपणा जातो.

जेवणाचे वाक्य कशासाठी, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. कोरियन माणसे जवळच्या व्यक्तीची काळजी बहुतेक वेळा जेवणाच्या प्रश्नातून व्यक्त करतात. मित्राला 'पाबुन मॉगॉस्सॉ?', म्हणजे 'जेवलास का?', आणि मोठ्यांना त्याचेच आदरार्थी रूप 'शिक्साहाश्यॉस्सॉयो?' असे विचारतात. यातल्या 'पाबुन' या रूपाकडे लक्ष द्या: 'पाप' म्हणजे भात किंवा जेवण, आणि त्याला लागलेला 'उन' हा प्रत्यय 'बाकी काही असो, निदान जेवण तरी' असा अर्थ आणतो. परगावी शिकणाऱ्या मुलाला आपल्याकडची आई फोनवर पहिला प्रश्न जेवणाचाच विचारते, त्यामुळे ही रीत आपल्याला परकी नाही. त्याच धर्तीवर 'तोछाखाम्यॉन यॉल्लाखे', म्हणजे 'पोहोचलीस की कळव', हे वाक्य मैत्रिणी, भावंडे, आईवडील सर्रास वापरतात. यांत काळजी हा शब्द येत नाही आणि येण्याची गरजही नसते.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर, स्वतःची चिंता सांगताना 'द्वेदा', समोरच्याची चिंता ओळखताना 'गेत', आणि दिलासा देताना आपल्या हातात असलेली एखादी ठोस गोष्ट, एवढे तीन धागे हाती ठेवा. यापुढचे परिस्थितीवर अवलंबून आहे आणि त्यात मला सगळे ठरवून देता येणार नाही.

पहिली अट नात्याची. तुमचे प्रमुख वयाने तुमच्याहून बरेच मोठे असतील आणि तुमची ओळख नवी असेल, तर वरचा संदेशही थोडा छोटा करा. जेवणाचे वाक्य काढले तरी चालेल. अनेक महिने रोज एकत्र काम केले असेल, तर ते वाक्य राहू द्या, तेच त्यांच्या लक्षात राहील. दुसरी अट बातमी कशी कळली याची. त्यांनी स्वतः बैठकीत सांगितले, म्हणून 'बातमी कळली' असे लिहिणे योग्य आहे. तीच गोष्ट तुम्हाला दुसऱ्याकडून कुजबुजत कळली असती, तर मी असा संदेश पाठवू नका असेच म्हटले असते. अशा वेळी भेट झाल्यावर 'मुसुन निल इस्सुसेयो?', म्हणजे 'काही झाले आहे का?', एवढे विचारावे आणि त्यांनी विषय टाळला तर आपणही टाळावा. तिसरी अट माध्यमाची. काकाओथोक या संदेशांच्या ॲपवर कोरियन मित्र परस्परांना रडणाऱ्या डोळ्यांसारखे दिसणारे स्वराक्षर दोनदा लिहून दुःख दाखवतात. मैत्रीत ते गोड वाटते, पण वरिष्ठांच्या घरातल्या आजारपणाच्या संदेशात ते लिहू नये.

संबोधनाबाबत मात्र परिस्थितीप्रमाणे बदल नाही. दुसऱ्याच्या आईला 'ऑमॉनिम' म्हणायचे, 'ऑमॉनी' नव्हे. वरिष्ठांना पदाने हाक मारायची, 'थिमजांगनिम'. आणि शब्दकोशात 'तुम्ही' म्हणून दिलेला 'तांगशिन' हा शब्द इथे अजिबात वापरायचा नाही, कारण वरिष्ठांशी बोलताना तो उद्धट ठरतो. आजारपणासाठीही शब्द ठरलेला आहे. 'आफुदा' म्हणजे दुखणे किंवा आजारी असणे, पण आदरणीय व्यक्ती आजारी असेल तर 'फ्यॉनछानुशिदा' म्हणतात. 'ऑमॉनिमी फ्यॉनछानुसेयो' हे बरोबर. पण त्यांची कंबर दुखत असेल, तर कंबरेसाठी 'आफुसेयो' हेच येते, कारण तिथे दुखतो तो अवयव. बरे होण्यासाठी मी संदेशात 'ख्वेछा' हा औपचारिक शब्द वापरला आहे. साधा पर्याय 'पाल्ली ना-उसेयो' हा आहे, पण तो लिहिताना सावध राहा: 'बरे होणे' आणि 'बाळंत होणे' या दोन क्रियापदांची ही रूपे उच्चाराने सारखी आणि लिहिण्यात एका अक्षराने वेगळी आहेत, आणि खुद्द कोरियन लोकांकडूनही ही चूक इतक्या वेळा होते की तिची जाहीर चर्चा होत असते.

तुम्हाला शब्दकोशात सापडलेल्या बाकीच्या शब्दांबद्दल थोडक्यात सांगते. 'यॉम्न्यॉ' हा 'कॉक्चॉंग'चाच औपचारिक भाऊ आहे आणि तो आभार मानताना शोभतो: 'यॉम्न्यॉहे जुशिन तॉक्पुने', म्हणजे 'आपण काळजी केलीत, त्यामुळेच'. 'शिम्न्यॉ' हा त्याहून जड शब्द जाहीर माफीत ऐकू येतो. चुकीमुळे लोकांना मनस्ताप झाला असे सांगणारे पुढारी आणि कलाकार तो वापरतात. 'कोमिन' म्हणजे मनातला पेच: नोकरी बदलावी की नाही, हा 'कोमिन', आईचे आजारपण हा 'कोमिन' नव्हे. 'पुरान' म्हणजे अस्वस्थता, ज्यात कारण स्पष्ट असेलच असे नाही. 'कुनशिम' आज बोलण्यापेक्षा लेखनात अधिक आढळतो.

'उर्यॉ' या शब्दावर जरा थांबते, कारण तुमच्या कामात तो रोज लागेल. तो बातम्यांचा, अहवालांचा आणि सरकारी निवेदनांचा शब्द आहे. माल वेळेत पोहोचणार नाही अशी शंका असेल, तर सहकाऱ्याशी बोलताना 'नुजुल्का ब्वा कॉक्चॉंगद्वेयो' म्हणजे 'उशीर होईल की काय अशी काळजी वाटते' असे म्हणावे, पण तीच गोष्ट लेखी अहवालात 'नाप्की चियॉनी उर्यॉद्वेम्निदा' अशी जाते, म्हणजे 'पुरवठ्याला विलंब होण्याची चिंता आहे'. हा शब्द घरच्या माणसाच्या आजारपणासाठी वापरला, तर प्रवक्त्याचे निवेदन वाचल्यासारखे वाटेल.

दुभाषी म्हणून काम करताना याच टप्प्यावर मला सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागते. आपल्याकडचा पर्यवेक्षक पूर्ण प्रामाणिकपणे 'काळजी करू नका साहेब, होऊन जाईल' असे म्हणतो. त्याच्या दृष्टीने ते वचन असते, आणि तो खरोखर रात्रभर थांबून काम पुरे करतो. पण तेवढेच वाक्य जसेच्या तसे कोरियनमध्ये गेले, तर कोरियन व्यवस्थापकाची चिंता वाढते, कारण त्याला हवी असते ती तारीख, किती नग तयार झाले आणि किती उरले याची माहिती. म्हणून मी आधी पर्यवेक्षकाला विचारते, 'कधीपर्यंत?', आणि ती तारीख वाक्याच्या सुरुवातीला ठेवून मग 'कॉक्चॉंग मासेयो' म्हणते. दोन्ही बाजूंच्या हेतूंना न्याय देण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

वरती 'नुजुल्का ब्वा' हे रूप आले. व्याकरणाच्या पुस्तकांत ते मध्यम पातळीवर शिकवतात, पण तुम्ही ते आताच शिकावे असे मला वाटते, कारण काळजीची निम्मी वाक्ये त्यावर उभी आहेत आणि मराठीत त्याला अचूक जोड आहे. तीन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. 'पिगा वासॉ कॉक्चॉंगइएयो' म्हणजे 'पाऊस पडतो आहे म्हणून काळजी आहे'. इथे कारण समोर घडते आहे. 'पिगा ओल्का ब्वा कॉक्चॉंगइएयो' म्हणजे 'पाऊस पडेल की काय अशी काळजी आहे'. इथे नको असलेली गोष्ट अजून घडलेली नाही. 'चाल हाल सु इस्सुल्ची कॉक्चॉंगइएयो' म्हणजे 'नीट जमेल की नाही याची काळजी आहे'. इथे दोन शक्यता आहेत आणि मन त्यांच्यामध्ये अडकले आहे. 'म्हणून', 'की काय' आणि 'की नाही' या तीन मराठी रूपांवर ही तीन कोरियन रूपे जवळजवळ जशीच्या तशी बसतात, त्यामुळे वाक्य अडले की आधी ते मराठीत म्हणून पाहा आणि यांतले कोणते रूप येते ते तपासा.

फक्त एक बंधन लक्षात ठेवा: 'ल्का ब्वा' या रूपानंतर आज्ञा किंवा सूचना येत नाही. 'थंडी वाजेल, म्हणून उबदार कपडे घाला' असे म्हणायचे असेल तर 'थेन्दे' हे रूप घ्यावे: 'छु-उल थेन्दे तात्तुथागे इबुसेयो'. 'थेन्दे' मध्ये अंदाज असतो आणि त्यामागे आस्था असते. 'हिमदुशिल थेन्दे' म्हणजे 'तुम्हाला त्रास होत असेल, तरीही...' असे म्हणून वाक्य अर्धवट सोडले, तरी कोरियन माणसाला पुढचे कळते, आणि असे अर्धे सोडलेले वाक्य अनेकदा पूर्ण वाक्यापेक्षा अधिक आपुलकीचे वाटते.

तुम्ही मालिकांमधून वाक्ये उचलता असेही लिहिले आहे. ऐकण्याच्या सरावासाठी मालिका उत्तम आहेत, पण त्यांतले काळजीचे संवाद बहुधा प्रियकर-प्रेयसी, आईवडील आणि मुले यांच्यातले असतात. 'कॉक्चॉंगहेत्चाना!', म्हणजे 'किती काळजीत होते मी, कळते का!', हे वाक्य प्रेमाने रागावणाऱ्याचे आहे. ते वरिष्ठांना म्हणता येणार नाही. तसेच 'ऑत्तॉखे', म्हणजे 'अरे देवा, आता कसे व्हायचे', हा उद्गार मैत्रिणीच्या वाईट बातमीवर अगदी नैसर्गिक वाटतो, पण औपचारिक प्रसंगी तो बालिश ठरतो. 'हिमनेसेयो', म्हणजे 'हिंमत धरा', हे वाक्य पूर्वीपासून रूढ आहे. मात्र दमलेल्या माणसाकडून आणखी बळाची अपेक्षा केल्यासारखे ते वाटते, अशी तक्रार अनेक कोरियन तरुण करतात, म्हणून मी ते मोजकेच वापरते. 'कॉक्चॉंगदो फाल्चादा' ही म्हण तर विचारपूस करताना कधीच वापरू नका. 'काळजी करणे हेच याच्या नशिबी' असा तिचा अर्थ असून ती विनाकारण चिंता करणाऱ्याला टोचून म्हटली जाते.

काळजी कुठे संपते आणि ढवळाढवळ कुठे सुरू होते, याविषयी कोरियन समाज हल्ली फार संवेदनशील झाला आहे. विनाकारण दुसऱ्याच्या बाबतीत लक्ष घालणाऱ्याला 'ओजिराप' रुंद आहे असे म्हणतात. ओजिराप म्हणजे अंगरख्याचा पुढचा पल्ला. चुसॉक आणि सॉल्लाल या सणांना जमलेले नातेवाईक लग्न, नोकरी, वजन यांबद्दल जी चौकशी करतात, तिला तरुण मंडळी काळजी न म्हणता 'चानसोरी', म्हणजे कटकट, म्हणतात. त्यामुळे आजाराचे नाव काय, शस्त्रक्रियेला खर्च किती, शुश्रूषेला कोण आहे, असे प्रश्न आपल्याकडे आपुलकीचे मानले जात असले, तरी तुमच्या प्रमुखांना ते विचारू नका. त्यांनी सांगितले तर शांतपणे ऐका. सल्ला द्यावाच लागला, तर आधी 'नोफाशिमे मालस्सुमदुरिनुन्दे' असे म्हणतात, म्हणजे 'म्हातारीच्या जिवाने बोलते आहे, राग मानू नका'. वय कितीही कमी असले तरी हे वाक्य वापरता येते, आणि आपण मर्यादा ओलांडत आहोत याची आपल्याला जाणीव आहे हे त्यातून कळते.

पुढच्या दिवसांसाठी एवढे सांगते. एका आठवड्याच्या आत पुन्हा विचारायचे झाल्यास 'ऑमॉनिमुन चोम ऑत्तॉसेयो?', म्हणजे 'आईंना आता कसे आहे?', हे एक वाक्य पुरे, आणि तेही इतर लोक आसपास नसताना. बरे वाटते आहे असे उत्तर आले, तर 'चॉंगमाल ताहेंगइनेयो', म्हणजे 'खरोखर बरे झाले', असे म्हणा. याच ठिकाणी 'इजे मा-उमी नोयॉयो', म्हणजे 'आता जिवाला स्वस्थता आली', असे स्वतःच्या मनाबद्दलही बोलता येते, कारण संकट टळल्यावर आपली भावना त्यांच्यावर ओझे होत नाही. काळजीचा उच्चार भूतकाळात करणेही तेव्हा शोभते: 'कॉक्चॉंग मानी हेस्सॉयो', 'खूप काळजी वाटत होती'. दुर्दैवाने उत्तर वेगळे आले, तर लिहिण्यासाठी 'साम्गा कोइने म्यॉंगबोगुल पिम्निदा' हे दिवंगताच्या सद्गतीची प्रार्थना करणारे ठरलेले वाक्य आहे. प्रत्यक्ष भेटीत मात्र काही न बोलता वाकून नमस्कार करणे हेच शिष्टसंमत मानले जाते. आणि ते सोलहून परत कामावर रुजू होतील तेव्हा 'कोसेंग मानुश्यॉस्सुम्निदा', म्हणजे 'फार सोसलेत', एवढेच म्हणून त्यांच्या गैरहजेरीत झालेल्या कामांची यादी त्यांच्या हाती द्या.